थंडी किडीला मारते काय?

मार्गशीर्ष सरत आला की विदर्भ-मराठवाड्यातील गावांत पहाटेच्या शेकोट्या पेटू लागतात. शेकोटीभोवती बसलेल्या मंडळींच्या बोलण्यात पीकपाण्याचा विषय निघतोच, आणि एखादा जाणता शेतकरी समाधानाने म्हणतो, "यंदा थंडी बरी पडली. आता कीड मरून जाईल." या बोलण्यात अनुभवाचा अंश निश्चितच आहे. थंडीच्या दिवसांत पतंग फारसे उडताना दिसत नाहीत, अळ्यांची वाढ मंदावते आणि पिकावरील उपद्रव काही काळ थांबल्यासारखा वाटतो. तथापि कीड दिसेनाशी होणे आणि कीड मरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद लक्षात न आल्यामुळे हिवाळ्यात जी कामे करावयास हवीत ती राहून जातात, आणि त्याची किंमत पुढील खरीप हंगामात मोजावी लागते. म्हणूनच थंडीचा कीटकांच्या जीवनावर नेमका काय परिणाम होतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

कीटकांचे शरीर आणि हवामान

माणूस, गाय, पक्षी यांच्या शरीराचे तापमान बाहेर थंडी असो वा ऊन, साधारणतः स्थिर राहते. कीटकांचे तसे नाही. सभोवतालची हवा, माती किंवा झाडाची साल जितकी थंड वा उष्ण असेल, जवळजवळ तितकेच त्यांचे शरीरही थंड वा उष्ण होते. त्यामुळे अंड्यातून अळी, अळीतून कोष आणि कोषातून पतंग बाहेर येण्यास किती दिवस लागतील, हे मुख्यतः तापमानावर अवलंबून असते. प्रत्येक जातीची एक खालची मर्यादा असते. तापमान तिच्याखाली गेले की वाढ थांबते. कापसावरील शेंदरी बोंडअळीच्या बाबतीत ही मर्यादा सुमारे १३ अंश सेल्सिअस आहे. या मर्यादेखाली अळी मरत नाही, केवळ तिची वाढ खुंटते.

मृत्यू ओढवण्यास याहून पुष्कळ अधिक थंडी लागते आणि तिचा परिणाम तीन गोष्टींवर ठरतो. थंडी किती तीव्र आहे, ती किती काळ टिकते आणि ती कोणत्या वेळी येते, या त्या तीन गोष्टी होत. फळांच्या निर्यातीत या तत्त्वाचा उपयोग केला जातो. फळमाशीच्या अळ्या मारण्यासाठी काही फळे एक ते दोन अंश तापमानात सलग दोन ते अडीच आठवडे ठेवली जातात. एवढ्या थंडीत अळीच्या शरीरात बर्फ होत नाही, तरी दीर्घकाळच्या गारठ्याने तिच्या शरीराचे व्यापार कोलमडतात. हीच थंडी केवळ दोन रात्री राहिली तर बहुतेक अळ्या वाचतात. आपल्या शेतातील थंडीची लाट बहुधा दोन-चार रात्रींची असते आणि दुपारी ऊन पडताच कीटकांना ऊब मिळते, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे.

हिमप्रदेशातील किडींचा बचाव

जेथे महिनोन्महिने बर्फ पडते तेथील कीटक कसे जगत असतील, असा प्रश्न साहजिकच पडतो. निसर्गाने त्यांना नाना उपाय दिले आहेत. काही जाती शरद ऋतूत आपल्या शरीरात ग्लिसरॉलसारखी द्रव्ये साठवतात. मोटारीच्या रेडिएटरमधील पाणी गोठू नये म्हणून थंड देशांत त्यात एक विशिष्ट द्रव मिसळतात, तसाच हा प्रकार आहे. त्यामुळे शरीरातील द्रव शून्याच्या कितीतरी खाली जाऊनही गोठत नाही. काही मोजक्या जाती तर शरीरातील पाण्याचा काही भाग गोठला तरी जिवंत राहतात. शिवाय बर्फाचा जाड थर हा स्वतःच एक गोधडी ठरतो. त्याखालील जमीन वरच्या हवेपेक्षा बरीच उबदार राहते व मातीत दडलेल्या किडी तगून जातात.

या संदर्भात कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताचे उदाहरण बोलके आहे. तेथील पाइन वृक्षांच्या सालीखाली तांदळाच्या दाण्याएवढा एक भुंगेरा राहतो. त्याच्या अळ्या सालीआड हिवाळा काढतात. ऐन हिवाळ्यात त्यांचा मोठ्या प्रमाणावर नाश व्हावयाचा तर सलग काही दिवस उणे ३५ अंशांच्याही खाली तापमान जावे लागते. मात्र शरद ऋतूच्या प्रारंभी, शरीरात ग्लिसरॉल पुरेसे साठण्यापूर्वीच अवचित कडाका पडला, तर त्याहून सौम्य थंडीतही त्या मरतात. गतशतकाच्या अखेरीपासून तेथील हिवाळे सौम्य होत गेले. भुंगेऱ्यांच्या आवडीची, वयाने मोठी झालेली पाइनची जंगलेही सर्वदूर उभी होती. परिणामी १९९० च्या दशकात सुरू झालेल्या उद्रेकाने सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर वनक्षेत्राला ग्रासले. हे क्षेत्र महाराष्ट्राच्या एकूण क्षेत्रफळाच्या निम्म्याहून अधिक भरते. पुढे २००६ मध्ये भुंगेऱ्यांचे थवे रॉकी पर्वत ओलांडून शेजारच्या अल्बर्टा प्रांतात मोठ्या संख्येने उतरले. थंडीचा पहारा सैल पडला, तेव्हा तेथील वनाधिकाऱ्यांना लागण झालेली झाडे शोधून तोडण्याचे व जाळण्याचे काम हाती घ्यावे लागले.

हिवाळ्याने आखलेली सीमा

दुसरे उदाहरण आपल्या अधिक परिचयाचे आहे. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये भारतात प्रथम कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही पोहोचली. ही मूळची अमेरिका खंडातील कीड. इंग्रजीत तिला 'फॉल आर्मीवर्म' म्हणतात. तेथे 'फॉल' म्हणजे पानगळीचा शरद ऋतू. उत्तरेकडील राज्यांत ती उन्हाळा संपता संपता, शरदात पोहोचते म्हणून हे नाव पडले.

ती उशिरा का पोहोचते, याचे उत्तर थंडीत आहे. या किडीला दीर्घ झोप घेऊन हिवाळा काढण्याची कला अवगत नाही. त्यामुळे अमेरिकेच्या बहुतांश भागात दर हिवाळ्यात तिचा समूळ नाश होतो. फ्लोरिडाचा दक्षिण भाग आणि टेक्सासचा दक्षिण भाग अशा उबदार पट्ट्यांतच ती तग धरते आणि वसंतात तेथून पुन्हा पिढ्यानपिढ्या उत्तरेकडे सरकत जाते. म्हणजे तेथील शेतकऱ्याच्या वतीने हिवाळा दर वर्षी शेत झाडून देतो. महाराष्ट्रात ही सोय नाही. आपल्याकडे मका खरिपात, रब्बीत व उन्हाळ्यातही उभा असतो आणि या अळीला मारील एवढी थंडी कोठेच पडत नाही. त्यामुळे तिच्या पिढ्यांची साखळी वर्षभर अखंड चालू राहू शकते.

आपला हिवाळा

आपल्याकडे थंडी पडतच नाही, असा याचा अर्थ नव्हे. नाशिक जिल्ह्यातील निफाड परिसरात काही वर्षी पारा दोन-तीन अंशांपर्यंत उतरतो व द्राक्षबागाईतदारांना बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. २०१८ च्या डिसेंबरअखेर नागपूर येथे किमान तापमान साडेतीन अंशांपर्यंत खाली आले होते. परंतु हे आकडे मोकळ्या हवेचे असतात. मातीत काही इंच खोलीवर, पऱ्हाट्यांच्या ढिगात, बंद बोंडाच्या आत किंवा आंब्याच्या सालीच्या खाचेत तापमान याहून बरेच उबदार असते, आणि कीड नेमकी तेथेच दडलेली असते.

उलटपक्षी, काही किडींना आपली मंद थंडी मानवतेच. करडई, गहू व मोहरी यांवरील मावा थंड आणि ढगाळ हवेत झपाट्याने वाढतो. माव्याची वाढ बऱ्याच कमी तापमानात सुरू होते, तर त्याला खाणारे ढालकिडे सुस्तावलेले असतात. म्हणजे सौम्य थंडीने काही वेळा किडीपेक्षा तिचा शत्रूच अधिक हतबल होतो. करडईची पेरणी वेळेवर करावी, उशीर करू नये, असे जे सांगितले जाते त्यामागे हेही एक कारण आहे. पीक लवकर मोठे झाले की माव्याच्या ऐन बहराच्या वेळी ते कोवळे राहत नाही.

उसातील हुमणीचे भुंगेरे हिवाळ्यात मातीत खोल निपचित पडून असतात आणि वळवाच्या पावसानंतर बाहेर पडतात. आंब्यावरील तुडतुडे खोडाच्या व फांद्यांच्या सालीत आसरा घेतात व मोहोर फुटताच क्रियाशील होतात. यांपैकी कोणालाही आपला हिवाळा मारीत नाही. तो त्यांना फक्त विश्रांती देतो.

शेंदरी बोंडअळीची झोप

या विश्रांतीचा सर्वांत महागात पडणारा नमुना म्हणजे कापसावरील शेंदरी बोंडअळी. या किडीचे पहिले शास्त्रीय वर्णन १८४३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते गुजरातेतील भडोच येथील कापसावर सापडलेल्या नमुन्यांवरून करण्यात आले होते. तेव्हा ही आपल्या पश्चिम भारताच्या कापूस पट्ट्यातील जुनी रहिवासी आहे.

मादी पतंग पात्या, फुले व कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. अंड्यातून निघालेली पांढुरकी अळी लगेच आत शिरते आणि तिने केलेले छिद्र पुढे बुजून जाते. त्यामुळे बाहेरून बोंड निरोगी दिसते. प्रादुर्भाव झालेले फूल नीट उमलत नाही, पाकळ्या गुंतून गुलाबाच्या कळीसारख्या राहतात. शेतकरी तिला डोमकळी म्हणतात. आतील अळी मोठी होता होता शेंदरी रंगाची होते व सरकी खाते. अनुकूल हवेत हे जीवनचक्र सुमारे महिनाभरात पूर्ण होते.

दिवस आखूड झाले, रात्री गार पडू लागल्या आणि सरकी पक्व झाली की यांतील काही अळ्या वेगळाच मार्ग धरतात. त्या कोषात न जाता पूर्ण वाढलेल्या अळीच्याच अवस्थेत निद्रिस्त होतात. शास्त्रज्ञ या स्थितीला सुप्तावस्था म्हणतात. अळी दोन सरक्या रेशमासारख्या धाग्याने जोडून त्यांच्या पोकळीत पडून राहते, किंवा न उमललेल्या किडक्या बोंडात, पालापाचोळ्यात वा मातीत दडते. या काळात ती काही खात नाही, तिची ऊर्जा अत्यल्प खर्च होते आणि अशा स्थितीत ती कित्येक महिने, प्रसंगी वर्षभराहूनही अधिक काळ जिवंत राहू शकते. ही झोप थंडीमुळे आलेली ग्लानी नाही. कडाका पडण्याच्या आधीच, दिवसाच्या लांबीवरून पुढचा काळ ओळखून केलेली ती तयारी आहे. उन्हाळा संपून हवेत व मातीत ओलावा आला की अळी कोषात जाते आणि पतंग बाहेर पडतो.

मात्र सर्वच अळ्या झोपत नाहीत. शेतात कापूस उभा असेल व त्यावर हिरवी बोंडे असतील, तर उर्वरित अळ्यांच्या पिढ्या हिवाळाभर चालू राहतात. हाच या प्रश्नाचा गाभा आहे.

२०१७ चा धडा

भारतात बीटी कापसाच्या लागवडीस २००२ मध्ये मान्यता मिळाली आणि २००६ मध्ये दोन जनुके असलेले वाण आले. प्रारंभीची काही वर्षे बोंडअळ्यांचा उपद्रव बराच घटला. पुढे शेंदरी बोंडअळीने या वाणांतील विषाला दाद देणे सोडले. २०१७ च्या खरिपात महाराष्ट्रात चाळीस लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर कापूस होता. विदर्भ, मराठवाडा व खानदेशात शेंदरी बोंडअळीने त्याची मोठी हानी केली. अनेक ठिकाणी शेतकऱ्यांनी उभ्या पिकात जनावरे सोडली किंवा नांगर घातला.

या आपत्तीची कारणे अनेक होती. बीटी कापसाभोवती बिगर-बीटी कापसाच्या ओळी लावण्याकडे दुर्लक्ष झाले. दीर्घ मुदतीचे संकरित वाण मोठ्या प्रमाणावर लावले गेले. काही ठिकाणी पावसापूर्वीच लागवड झाली. या सर्वांच्या जोडीला फरदडीची प्रथा होती. शेवटची मुख्य वेचणी झाल्यावर पऱ्हाटी न उपटता तिला पाणी देऊन फेब्रुवारी-मार्चपर्यंत, कधी त्याही पुढे, पुन्हा कापूस घ्यावयाचा, यास फरदड म्हणतात. आपल्या सौम्य हिवाळ्यात फरदडीचे शेत म्हणजे शेंदरी बोंडअळीसाठी चालविलेले अन्नछत्रच ठरते. जी पिढी अन्नावाचून संपली असती ती पोसली जाते व विषाला न जुमानणाऱ्या अळ्यांची संख्या वाढत जाते.

फरदड घेणाऱ्या शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. परंतु बी-बियाणे, खते व मजुरी यांवर आधीच खर्च झालेला असतो आणि थोड्या पाण्यावर दोन-चार क्विंटल कापूस अधिक मिळत असेल तर तो मोह स्वाभाविक आहे. प्रश्न इतकाच की, त्या दोन क्विंटलांचे मोल पुढील जूनमध्ये साऱ्या शिवाराला चुकवावे लागते. त्याच शेतात हरभरा, गहू किंवा भाजीपाला घेतल्यास उत्पन्नही मिळते आणि किडीची साखळीही तुटते.

हिवाळ्याचे काम माणसांनी करावे

वरील विवेचनाचा निष्कर्ष स्पष्ट आहे. हिमप्रदेशात थंडी जे काम करते ते आपल्याकडे माणसांनाच करावे लागते. थंडी किडीचे अन्न तोडते, आसरा मोडते आणि पिढ्यांची साखळी खंडित करते. ही तिन्ही कामे हाताने करता येण्याजोगी आहेत.

पहिले काम अन्न तोडण्याचे. डिसेंबरअखेर, फार तर जानेवारीच्या प्रारंभी कापसाचा हंगाम संपवावा व फरदड घेऊ नये. अखेरच्या वेचणीनंतर शेतात शेळ्या-मेंढ्या व जनावरे चारावीत. हिरवी पाने व उरलेली बोंडे त्यांच्या पोटात जातात आणि अळ्यांचाही निकाल लागतो.

दुसरे काम आसरा मोडण्याचे. पऱ्हाट्या उपटून त्यांचे यंत्राने बारीक तुकडे करावेत व त्यांचे खत करावे. सरपणासाठी पऱ्हाटीचे ढीग बांधावर वा घरामागे रचून ठेवण्याची रीत सर्वत्र आहे. अशा ढिगांतील किडक्या बोंडांतच पुढील वर्षीचे पतंग झोपलेले असतात. पीक काढल्यावर खोल नांगरट केल्यास मातीतील कोष व अळ्या वर येऊन उन्हाने आणि पक्ष्यांमुळे नष्ट होतात. सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यांच्या आवारात साचलेली कवडी व कचरा यांचा तातडीने नायनाट व्हावा आणि तेथे कामगंध सापळे लावावेत. कापसाबरोबर अळीही गावोगावहून तेथे गोळा झालेली असते.

तिसरे काम साखळी खंडित करण्याचे. पुढील हंगामात पावसापूर्वी कापूस लावू नये. जूनच्या ओलाव्याने जागे झालेले पतंग बाहेर पडतील तेव्हा शिवारात पात्या-फुले नसतील, तर त्यांची प्रजा वाढू शकत नाही.

अमेरिकेच्या कापूस पट्ट्यात बीटी कापूस, वंध्य केलेल्या पतंगांचे प्रसारण, कामगंधाचा वापर व ठरावीक मुदतीत पऱ्हाट्यांची विल्हेवाट यांची जोड देऊन दीर्घकाळ मोहीम चालविण्यात आली. २०१८ मध्ये तेथील कृषी विभागाने आपल्या कापूस क्षेत्रातून शेंदरी बोंडअळीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. तेथील शेते मोठी व शेतकरी मोजके, तर आपल्याकडे एका शिवारात शेकडो खातेदार असतात. तरीही त्यातील मर्म आपल्याला लागू आहे. नियम सर्वांनी एकाच वेळी पाळले तरच त्याचे फळ मिळते.

पंचायत आणि शाळा यांचे कार्य

येथेच ग्रामपंचायतीची भूमिका महत्त्वाची ठरते. पतंग शेताचा बांध ओळखत नाही. पन्नास शेतकऱ्यांनी पऱ्हाटी उपटली आणि पाचांनी फरदड ठेवली, तर पन्नासांचे श्रम बऱ्याच अंशी वाया जातात. यास्तव डिसेंबरच्या ग्रामसभेत पऱ्हाटी काढण्याची तारीख एकमताने ठरवावी, तुकडे करणारे यंत्र गावासाठी सामूहिक भाड्याने आणावे आणि कृषी सहायकांच्या साहाय्याने शिवारफेरी काढावी.

शिक्षकांना या विषयात विज्ञानाचा एक जिवंत पाठ सापडेल. शाळेत कमाल-किमान तापमापक असल्यास विद्यार्थ्यांकडून रोजची नोंद ठेवावी आणि एक साधा तापमापक मातीत चार इंच खोल ठेवून दोहोंची तुलना करावी. किडीला थंडी का बाधत नाही, हे मुलांना आकड्यांतूनच उमगेल. अखेरच्या वेचणीनंतर शेतातील किडकी बोंडे आणून फोडल्यास जोडलेल्या सरकीत निजलेली अळी प्रत्यक्ष पाहावयास मिळेल. पाहून झाल्यावर ती बोंडे जाळून टाकण्यास मात्र विसरू नये. खरिपात याच मुलांना निरीक्षणाची शिस्तही शिकविता येईल. एकरातून सरसकट वीस हिरवी बोंडे तोडून फोडावीत. त्यांतील दोन बोंडांत अळी आढळली, अथवा कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ वा अधिक पतंग सापडले, तर उपाय योजण्याची वेळ आली असे समजावे. मुलाने घरी जाऊन सांगितलेली ही गोष्ट अनेकदा भित्तिपत्रकापेक्षा अधिक परिणामकारक ठरते.

शेकोटीभोवतीची चर्चा चालूच राहील व ती राहावीही. फक्त तीत एक वाक्य बदलावयास हवे. "थंडी पडली, कीड मरेल," असे म्हणून स्वस्थ बसण्याऐवजी "थंडी पडली, कीड निजली आहे, ती जागी होण्याआधी शेत मोकळे करू," असे गावाने म्हणावे. पौषाचे हे चार आठवडे हातचे गेले तर पुढे श्रावणात फवारणीवर कितीही खर्च केला तरी ती उणीव भरून निघणे कठीण असते.